औषध तुर्भ्यात, पेशंट परभणीत: मधली साखळी कोण जोडणार?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो. आज लिहितोय, कारण एक प्रश्न डोक्यातून जात नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. वय ६९. दीड वर्षापूर्वी स्वादुपिंडात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ) निघाला, यकृतातही पसरलेला. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. मुंबईत डोटा पेट स्कॅन (अशा गाठी शोधणारा स्कॅन) झाला आणि डॉक्टर म्हणाले, ल्युटेशियम देऊ, म्हणजे शिरेतून किरणोत्सारी औषध. चार डोस, दोन डोसांत साधारण दोन महिन्यांचं अंतर.

पहिल्या डोसाला शिशाच्या जाड डब्यातून एवढीशी बाटली आली. अण्णांनी सिस्टरना विचारलं, हे कुठून येतं? त्या म्हणाल्या, "काका, इथलंच आहे. बीएआरसीच्या अणुभट्टीत बनतं." तीस वर्षं ज्या माणसाने फळ्यावर खडूने अणू काढले, त्याचा तेव्हाचा चेहरा मी विसरणार नाही. रात्री आईला फोनवर सांगत होते, "अगं, ध्रुव भट्टीतलं औषध आहे. आपलं आहे."

दोन डोस झाले. गाठी आकसल्यात, जुलाब थांबलेत, जेवण जातंय. तिसरा डोस मात्र दोनदा पुढे गेला. पहिल्यांदा प्लेटलेट कमी आल्या, त्यात कुणाचा दोष नाही. दुसऱ्यांदा औषध मिळत होतं, पण पेशंटला एकटं ठेवायची खास खोली रिकामी नव्हती. आम्ही देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आलो होतो, तसेच परत गेलो.

हॉस्पिटलबद्दल तक्रार नाही, माणसं जीव तोडून काम करतात. प्रश्न वेगळा आहे. अणुभट्टी एका खात्याची, औषध पाठवणारे दुसरे, नियम करणारे तिसरे, हॉस्पिटल चौथं, आणि आमच्याकडची वैद्यकीय महाविद्यालयं राज्य सरकारची. या सगळ्यांना एका दोरीत ओवणारं देशपातळीवर काही आहे का? नसेल तर व्हायला काय लागेल? ज्यांनी हे उपचार घेतलेत, दिलेत किंवा त्यात काम केलंय, त्यांनी कृपया लिहा.

पारिजातक

अण्णांना लवकर आराम पडो.

आमच्या आईला थायरॉइडच्या कॅन्सरसाठी परळला आयोडीन-१३१, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, दिलं होतं. आधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद. घरात दोन बरण्या केल्या, तरी आजी सवयीने तिच्या आमटीत नेहमीचंच मीठ टाकायची. मग आईसाठी वेगळी चूल मांडावी तसं सगळं वेगळं केलं. डोस म्हणजे पाण्यासारखं काहीतरी, नळीने प्यायचं. त्यानंतर तीन दिवस ती एकटी खोलीत. जेवण दाराशी ठेवायचे. लाळग्रंथींना त्रास होऊ नये म्हणून लिंबाच्या गोळ्या चघळायला दिल्या होत्या, त्या तिने इतक्या खाल्ल्या की आजही तिला लिंबाची गोळी नकोशी होते.

मुक्काम दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत होता. तिथे नांदेड, जळगाव, पार बिहार-बंगालकडची माणसं होती. तेव्हाच वाटलं होतं, सगळा देश या एका गल्लीत का यावा?

बोरीबंदर

भीत भीत विचारतो. असा पेशंट घरी आला की घरच्यांना किरणोत्साराचा धोका नसतो का? आमच्या चाळीत एक काकू असा डोस घेऊन आल्या, तर शेजारच्यांनी महिनाभर लेकरांना त्यांच्या दारावरून जाऊ दिलं नाही.

डॉ_बकुळ

@बोरीबंदर, विचारलंत ते बरं केलंत. मी या विषयातली डॉक्टर आहे, मुंबईबाहेर काम करते.

पेशंटला घरी सोडतो ते त्याच्याजवळ मीटर धरून, मोजून. ठरलेल्या मर्यादेच्या आत आकडा आला तरच सोडतो. ल्युटेशियमचा जो भाग गाठीत बसत नाही, तो बहुतेक सगळा पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे जातो. म्हणून सांगतो की भरपूर पाणी प्या, पुरुषांनीही बसून लघवी करा, दोनदा फ्लश करा. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यापासून ठरावीक दिवस अंतर ठेवा. ते दिवस किती, हे कागदावर लिहून देतो. महिनाभर दारावरून जायचं नाही, असलं काहीही लागत नाही. त्या काकूंना भेटून या, त्यांना बरं वाटेल.

@गोदाकाठ, खोलीचं म्हणाल तर ती साधी खोली नसते. भिंतीची जाडी ठरलेली, संडासबाथरूम आतच, आणि तिथलं सांडपाणी थेट गटारात सोडायचं नाही. ते वेगळ्या टाक्यांत साठवून किरणोत्सार ओसरेपर्यंत थांबायचं. आम्ही त्यांना डिले टँक म्हणतो. अर्धं आयुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, दहा वेळा उलटलं की हजारातला एक भाग उरतो. टाक्या भरल्या की वॉर्डात खाट रिकामी असूनही पेशंट घेता येत नाही. तुमच्या वेळी असंच काही झालं असू शकेल.

घाटवाट

मी पुण्यात न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषधांनी तपासण्या आणि उपचार) विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. आमचा दिवस गाईचं दूध काढून सुरू होतो. हसू नका, खरंच तसं म्हणतात. मॉलिब्डेनम-९९ चा जनरेटर येतो, त्याला मॉली काऊ असं नाव आहे. आत मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम-९९एम तयार होत राहतं. सकाळी सलाईन सोडून ते काढून घ्यायचं, मग दिवसभर हाडांचे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे स्कॅन. मॉलिब्डेनमचं अर्धं आयुष्य ६६ तास, त्यामुळे आठवड्याच्या शेवटी गाय आटते. टेक्नेशियमचं फक्त ६ तास. जगात न्यूक्लिअर मेडिसिनचे दहातले आठ स्कॅन या एकावर चालतात.

पेट स्कॅनला लागणारी किरणोत्सारी साखर, एफडीजी, त्याहून नाजूक. तिच्यातल्या फ्लोरिन-१८ चं अर्धं आयुष्य ११० मिनिटं. गाडी पहाटे निघते आणि बोरघाटात ट्रक आडवा झाला की आमच्या पोटात गोळा येतो. दोन तास अडकलो की अर्ध्याहून जास्त औषध हवेत. उपाशीपोटी बसलेल्या आठ जणांपैकी तिघांना सांगावं लागतं, काका, उद्या या. तो उद्या सांगणं सगळ्यात जड जातं.

जड_पाणी

मी तुर्भ्याला, बीएआरसीत, ३४ वर्षं होतो, आयसोटोपच्या म्हणजे औषधांत लागणाऱ्या किरणोत्सारी अणूंच्या कामात. गोदाकाठ यांच्या अण्णांना माझा नमस्कार कळवा. आम्ही बाटली भरून पाठवतो, पण ती कुणाच्या शिरेत गेली ते आम्हाला कधीच कळत नाही. आज कळलं.

प्रश्नाचं उत्तर थोडं मागून द्यावं लागेल. हे सगळं एका खात्याखाली आणायचा विचार आपल्याकडे फार लवकर झाला. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ ला सुरू झालं आणि १९६२ ला अणुऊर्जा खात्याकडे आलं. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे कशाला, असं अजूनही विचारतात, तर त्याचं उत्तर हेच. १९६३ ला परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालं. अणुभट्ट्यांपैकी अप्सरा १९५६ ची, सायरस १९६० ची, ध्रुव १९८५ ची. औषधं हॉस्पिटलांपर्यंत पोचवायला १९८९ ला ब्रिट हे वेगळं मंडळ झालं, वाशीला. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे भट्टीविना आयसोटोप बनवणारं यंत्र, २००२ ला परळलाच आलं. कलकत्त्याला मोठं, ३० एमईव्हीचं, २०१८ ला सुरू झालं.

आता ल्युटेशियम. ल्युटेशियम-१७६ ला न्यूट्रॉन गिळायची जबर भूक असते. त्यामुळे ध्रुवसारख्या भट्टीत, जिथे न्यूट्रॉनचा मारा जोरदार आहे, ते सरळ ठेवून ल्युटेशियम-१७७ मिळतं. दुसरी वाट यिटर्बियमवरून जाते, ती जास्त शुद्ध पण खर्चिक आणि किचकट. भट्टीतून बाहेर आलं की हॉट सेलमध्ये, शिशाच्या भिंतीआड, यांत्रिक हातांनी काम. मग तपासणी, मग रवानगी. हॉस्पिटलच्या हॉट लॅबमध्ये ते पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यासारख्या रेणूला, जोडतात. ते पेप्टाइड गाठीच्या पेशींवरचा ठरावीक रिसेप्टर (चिकटायची जागा) शोधत जातं आणि ल्युटेशियमला पाठुंगळीला बसवून नेतं.

अर्धं आयुष्य साडेसहा दिवसांहून थोडं अधिक. म्हणजे दिवसाला दहा टक्के झीज. कपाटात ठेवून "पुढच्या महिन्यात देऊ" असं या औषधाचं चालत नाही. भट्टीची तारीख, तपासणीची तारीख, गाडी किंवा विमान, खोली, पेशंटच्या रक्ताचा रिपोर्ट, ही पाच वेळापत्रकं एका दिवशी जुळावी लागतात. चार जुळली आणि पाचवं चुकलं की अण्णांसारखा माणूस देवगिरीने परत जातो.

मायबोली_शिलेदार

धागा उत्तम. एक भाषेची शंका: न्यूक्लिअर मेडिसिनला मराठीत काय म्हणायचं? आण्विक वैद्यक? अर्धं आयुष्य की अर्धायुकाल? आणि जड_पाणी, ट्रॉम्बेला तुर्भे म्हणणारे तुम्ही आता फार थोडे उरलात. हल्ली तुर्भे म्हटलं की लोक ठाणे-बेलापूर रस्त्यावर जाऊन उभे राहतात.

जड_पाणी

आमच्या पगारपत्रकावर ट्रॉम्बे होतं, पण कॉलनीतल्या भाजीवाल्या मावशी तुर्भेच म्हणायच्या. आम्ही त्यांच्या बाजूने.

पारिजातक

आईने त्याला "तेजाचं औषध" असं नाव ठेवलं होतं. मला तेच आवडतं.

रोखठोक

सगळं वाचलं, आदर वाटला. तरी वेगळं मत मांडतो. आमच्या तालुक्यात सोनोग्राफीला रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदा येतो. तोंडाचा कॅन्सर तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर कळतो. अशा ठिकाणी जिल्ह्याजिल्ह्यात शिशाच्या भिंती आणि टाक्या उभारायच्या? न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचे पेशंट असे किती? तोच पैसा तपासणी शिबिरांवर घातला तर शंभरपट लोक वाचतील. मुंबईला जाणं त्रासाचं आहे, मान्य. पण दुर्मीळ आजाराचे उपचार मोठ्या गावातच व्हावेत, अनुभवी हातांनी व्हावेत, यात गैर काय?

गोदाकाठ

@रोखठोक, तुमचं म्हणणं मनाला लागलं, वाईट अर्थाने नाही. शिबिरं हवीतच. आमच्या आत्याला तोंडाचा कॅन्सर उशिरा कळला, त्या गेल्या. पण एक सांगा, अण्णांसारख्याला दोन वेळा परत पाठवल्यावर तो तिसऱ्यांदा येईलच असं नाही. अण्णा येतील, कारण मी आहे. आमच्याच गावातल्या एका शेतकऱ्याने दुसऱ्या डोसानंतर येणं सोडलं. सोयाबीन काढणीला आलं होतं आणि बरोबर यायला माणूस नव्हता. अर्धवट राहिलेला उपचार हाही वाया गेलेला पैसाच ना?

डॉ_बकुळ

@रोखठोक यांचं अर्धं बरोबर आहे. हे उपचार प्रत्येक जिल्ह्यात व्हावेत असं मीही म्हणणार नाही. पण "एक तर मुंबई, नाही तर काही नाही" याच्या मधे बरीच जागा आहे.

शिवाय किती पेशंट हे नुसत्या न्यूरोएंडोक्राइनवरून मोजू नका. थायरॉइडचा कॅन्सर आणि वाढलेला थायरॉइड दोन्हींना आयोडीन लागतं. प्रोस्टेट कॅन्सर पसरल्यावर, त्या पेशींवरच्या पीएसएमए या प्रथिनाला जाऊन चिकटणारं ल्युटेशियम देतात. यकृताच्या गाठींना यिट्रियम-९० चे मणी रक्तवाहिनीतून सोडतात. आणि उपचार बाजूला ठेवा, नुसता हाडांचा स्कॅन घ्या. स्तनाचा कॅन्सर हाडांत गेलाय का, हे त्यात कळतं. त्यासाठी खास वॉर्ड लागत नाही. गॅमा कॅमेरा (शरीरातून येणारे किरण टिपणारा), जनरेटर, एक टेक्नॉलॉजिस्ट, एक किरणोत्सार सुरक्षा अधिकारी आणि माझ्यासारखी एक डॉक्टर लागते. कॅमेरा विकत मिळतो. ही तीन माणसं मिळत नाहीत. मला विचाराल तर खोलीच्याही आधीचा अडसर तो आहे.

पाचव्या वर्षी मला एक सहकारी मिळाला. तोवर मी आजारी पडायचं नाही असं ठरवलं होतं.

वैनगंगा

विदर्भातून बोलतो. घाटवाट यांचा हिशोब मी नागपूरसाठी करून पाहिला. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, आठ तास धरा. मुंबईत भरलेल्या एफडीजीच्या शंभर भागांतले इथे पोचेपर्यंत पाचच उरतील. टेक्नेशियम मुंबईत काढून पाठवलं तर चाळीस. ल्युटेशियम सत्त्याण्णवच्या आसपास. म्हणजे प्रत्येक औषधाचा भूगोल वेगळा. फ्लोरिनसाठी सायक्लोट्रॉन जवळच हवं. टेक्नेशियमसाठी गाय आपल्या गोठ्यात हवी. ल्युटेशियम मात्र देशात कुठेही पोचतं, अट एवढीच की समोर खोली तयार हवी.

घाटवाट

@वैनगंगा, काय मांडलंत! त्यात गॅलियम-६८ पण घाला. त्याचं अर्धं आयुष्य ६८ मिनिटं, पण त्याचाही जनरेटर असतो आणि आतल्या जर्मेनियमचं अर्धं आयुष्य २७१ दिवस. एकदा आणला की बरेच महिने जागेवरच डोटा स्कॅन होतात, घाट नाही की ट्रक नाही. अण्णांचा पहिला स्कॅन यावरच झाला असणार. महाग आहे, पण चार गावांच्या मधे एक असला तरी चालेल.

ओंटारियोकर

उशिरा आलो. मी मूळचा सांगलीचा, १८ वर्षं कॅनडात, वीज कंपन्यांच्या कामात. इथला अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

चॉक रिव्हरची एनआरयू भट्टी एके काळी जगाला मॉलिब्डेनम पुरवायची. मे २००९ मध्ये तिला गळती लागली आणि ती पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत बंद होती. त्याच काळात नेदरलँड्सची पेटेनची भट्टीही दुरुस्तीला थांबली. जगभर स्कॅन रद्द झाले. म्हाताऱ्या भट्ट्यांवर सगळी भिस्त ठेवली की काय होतं, ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. एनआरयू ३१ मार्च २०१८ ला कायमची बंद झाली.

मग वीज बनवणाऱ्या भट्टीलाच हे काम दिलं. ह्यूरॉन सरोवराच्या काठी ब्रूस प्रकल्प आहे, त्याच्या सातव्या युनिटमध्ये २०२२ पासून ल्युटेशियम-१७७ बनतं. वीजनिर्मिती न थांबवता आत लक्ष्य सोडायचं आणि बाहेर काढायचं. तिथले मूळ रहिवासी, सॉगीन ओजिब्वे, या कामात भागीदार आहेत, त्यांना उत्पन्नात वाटा आहे. वीजवाले, औषधवाले, स्थानिक लोक एकत्र आले, मग वेळ लागला नाही.

आपल्या सायरसच्या नावातला पहिला "सी" कॅनडाचा. ती भट्टी याच देशाच्या मदतीने उभी राहिली होती. म्हणून हे वाचताना दोन्हीकडचा वाटतो मी.

अवांतर: इथे मांजरांनाही वाढलेल्या थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ देतात. आमच्या मनीला दिलं. दवाखान्यात राहून आली, वर दोन आठवडे मांडीवर घ्यायला बंदी. त्या दोन आठवड्यांत तिने आमच्यावर जो राग धरला तो अजून गेलेला नाही.

पारिजातक

मनीला लिंबाच्या गोळ्या दिल्या का?

ओंटारियोकर

तिने त्यांचा वास घेतला आणि कपाटावर जाऊन बसली.

सह्यकडा

मूळ प्रश्नावर या. मी औषध कंपनीत होतो, खाजगी बाजू मांडतो. मे २०२० मध्ये सरकारने जाहीर केलं की वैद्यकीय आयसोटोपसाठी सरकारी-खाजगी भागीदारीत संशोधन भट्टी उभारायची. माझ्या मते तोच रस्ता आहे. सायक्लोट्रॉन बऱ्याच ठिकाणी खाजगीच आहेत आणि एफडीजी त्यांच्यामुळेच गावोगाव मिळते. सरकारी भट्टी विज्ञानासाठी, संरक्षणासाठी, औषधासाठी, सगळ्यासाठी राबते. औषधाला स्वतःची भट्टी हवी.

जड_पाणी

@सह्यकडा, औषधाला स्वतःची भट्टी हवी, यावर माझी सही घ्या. भाव कोण ठरवणार, एवढाच माझा प्रश्न आहे. बाहेरून आयात केलेल्या तयार डोसाची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. इथल्या ल्युटेशियममुळे मास्तर, शेतकरी, रिक्षावाला चार डोस घेऊ शकतो. ते जाता कामा नये.

ओंटारियोकर यांच्या गोष्टीने एक आठवलं. आपल्याकडेही वीज बनवणाऱ्या भट्ट्यांत कोबाल्ट-६० बनतं, रावतभाट्याला. कॅन्सरच्या टेलिथेरपीला, म्हणजे बाहेरून किरण द्यायला, आणि मसाले-औषधं निर्जंतुक करायला ते जातं. म्हणजे वीजवाले आणि औषधवाले एकत्र काम करू शकतात, हे आपण करून दाखवलंय. ब्रूसची भट्टी आणि आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या एकाच कुळातल्या. तिथे ल्युटेशियमचा विचार का होऊ नये?

दुसरं. अल्फा उपचारांत, म्हणजे अल्फा कण सोडणाऱ्या औषधांत, आता अ‍ॅक्टिनियम-२२५ चं नाव आहे. जगात ते फार थोडं मिळतं. त्याचा एक उगम युरेनियम-२३३ च्या वंशावळीत आहे: त्यातून थोरियम-२२९, पुढे रेडियम-२२५, पुढे अ‍ॅक्टिनियम. कल्पक्कमची कामिनी भट्टी युरेनियम-२३३ वर चालते. थोरियमची वाट आपण विजेसाठी धरली, त्या वाटेवर औषधही पडलेलं आहे. निवृत्त माणसाची स्वप्नं म्हणा हवं तर, पण मला हे मनापासून वाटतं.

मॉलिब्डेनमचं सांगायचं राहिलं. युरेनियमच्या विखंडनातून ते काढायचा आपला कारखाना तुर्भ्यालाच आहे, ११ मे २०२३ ला त्याचं लोकार्पण झालं. त्याआधी मॉलिब्डेनमचं ऑक्साइडच भट्टीत ठेवून काम चालायचं. त्यात जोर कमी, मग हॉस्पिटलात सॉल्व्हंट वापरून टेक्नेशियम वेगळं करायची खटपट. घाटवाट यांच्या आधीच्या पिढीला विचारा.

घाटवाट

आमचे सर सांगतात! एमईके या सॉल्व्हंटचा वास, हातात सेपरेटिंग फनेल, आणि खाली पेशंटची रांग. आम्ही सलाईनची बाटली लावतो आणि मोकळे.

बोरीबंदर

आज काकूंकडे जाऊन आलो. बरोबर धाकटीला नेलं. काकूंनी तिला शंकरपाळ्या दिल्या. डॉ_बकुळ, आभार.

डॉ_बकुळ

वाचून बरं वाटलं. फार.

आता मूळ प्रश्नाकडे येते. गोदाकाठ, "एका दोरीत ओवणारं काही आहे का" असं तुम्ही विचारलं होतं. थोडं आहे. २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, तीनशेच्या वर केंद्रं त्यात आहेत. टाटा स्मारक केंद्र त्याच्या मध्यभागी आहे. कुठल्या कॅन्सरला काय उपचार, याच्या सामाईक मार्गदर्शिका त्यांनी केल्या. सगळ्यांच्या वतीने एकत्र बोलणी करून औषधांचे भाव पाडून घेतले. एकेकट्या हॉस्पिटलला जे जमलं नसतं ते जमलं.

आणखी एक, ज्याची बातमी झाली नाही. भारतीय औषधकोशाच्या २०१४ च्या आवृत्तीत पहिल्यांदा किरणोत्सारी औषधांचे मोनोग्राफ आले, १९. म्हणजे अमुक औषध किती शुद्ध हवं, कसं तपासायचं, हे देशभर एकसारखं लिहून ठेवलं गेलं. त्यामागे भट्टीवाले, औषधकोशवाले, डॉक्टर एका टेबलाशी बसले होते. एकत्र काम म्हणजे मला हे वाटतं.

नाही ते सामाईक वेळापत्रक. कुठल्या केंद्रात कुठल्या दिवशी किती खोल्या रिकाम्या, टाक्या किती भरल्या, ल्युटेशियमची पुढची खेप कधी, कुणाचा तिसरा डोस लांबतोय, हे एका ठिकाणी दिसत नाही. मी आजही ओळखीच्या तीन डॉक्टरांना फोन करून माझ्या पेशंटसाठी जागा शोधते. माझ्या ओळखी आहेत म्हणून त्याला जागा मिळते. ग्रिड आहेच, त्यात ही खिडकी उघडावी, असं मला फार वर्षांपासून वाटतंय.

रोखठोक

हे पटलं. भिंती नव्या बांधण्याआधी असलेल्या खोल्या सगळ्यांना दिसू द्या. याला मी विरोध करणार नाही. पण सरकारी पोर्टल म्हटलं की चार अर्ज आणि सहा सह्या आल्या. ते व्हायचं नसेल तर चालवणारे डॉक्टर-टेक्नॉलॉजिस्टच असू देत.

वैनगंगा

आणि त्याबरोबर चार विभागीय केंद्रं: नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर, नाशिक. प्रत्येकी चार खोल्या आणि टाक्या. बाकीच्या जिल्ह्यांत गॅमा कॅमेरा आणि गाय. रक्त तपासणी तालुक्याला. प्लेटलेट कमी आहेत हे परभणीतच कळलं तर देवगिरीचं तिकीटच काढावं लागणार नाही.

सह्यकडा

प्लेटलेटचा मुद्दा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी होण्यासारखा आहे. डोसाच्या आठवडाभर आधी स्थानिक लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर मागवला तर ती खेप दुसऱ्या पेशंटला देता येईल. औषधही वाचेल.

डॉ_बकुळ

@सह्यकडा, आम्ही आमच्या पेशंटांसाठी हे करतो. सगळीकडे व्हायला हवं. रिपोर्ट आमच्या मनासारखा नसला तर दोन दिवसांनी परत करायला सांगतो, तेवढ्यासाठी कुणाला बोलवत नाही.

शिवोली

गोव्याहून. आमच्या मामांना थायरॉइडसाठी मुंबईला नेलं होतं, तेव्हा असा धागा असता तर किती बरं झालं असतं. एक विचारू? रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला सवलत मिळते ना?

पारिजातक

हो, मिळते. पेशंटला आणि बरोबरच्या एका माणसालाही. हॉस्पिटलमधून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा. हॉस्पिटलच्या समाजसेवकांना भेटा, योजना आणि धर्मशाळेचंही तेच सांगतात. आम्हाला हे तिसऱ्या फेरीला कळलं होतं.

गोदाकाठ

सगळ्यांचं वाचत होतो, लिहायला आज सवड मिळाली. जरा दगदग होती.

डॉ_बकुळ आणि सह्यकडा यांचं वाचून मी हॉस्पिटलच्या समन्वयक ताईंना फोन केला. रक्त परभणीतच तपासून रिपोर्ट पाठवला तर चालेल का, असं विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. त्यांच्याकडे तशी सोय आधीच होती, आम्हीच विचारलं नव्हतं. प्लेटलेट आता ठीक आहेत. खोलीची तारीख मंगळवारची मिळाली, आणि यावेळी त्यांनी आदल्या शुक्रवारी फोन करून पक्की केली.

तिसरा डोस झाला. परवा परत आलो.

जड_पाणी, तुमचा नमस्कार कळवला. अण्णांनी तुमची दोन्ही मोठी पोस्टं माझ्याकडून वाचून घेतली, ल्युटेशियमच्या भुकेचं वाक्य दोनदा. त्यांनी वहीत आकृती काढून मला समजावली, १७६ मधून १७७ कसं होतं ते. त्यांचा एक प्रश्न आहे, तुम्हालाच विचारायला सांगितलाय: भट्टीतून काढल्यावर हॉट सेलपर्यंत ते नेतात कसं, आणि ज्याच्या हातून पहिल्यांदा जातं त्या माणसाला काय म्हणतात?

जड_पाणी

अण्णांना सांगा, शिशाच्या जाड पेटीत घालून, ट्रॉलीवरून, हळू. बरोबर मीटर घेऊन हेल्थ फिजिक्सचा एक माणूस चालत असतो. आणि ज्याच्या हातून पहिल्यांदा जातं त्याला आमच्याकडे ऑपरेटर म्हणतात. बरीच वर्षं तो मी होतो.

चौथ्या डोसाला याल तेव्हा कळवा. मी चेंबूरला राहतो, दवाखान्यात येऊन भेटेन.